आम्लात राहणारे, लोखंडावर जगणारे: खाणीच्या पाण्यातले जीवाणू नेमके काय करतात

‘प्रदूषण खाणारे जीवाणू’ अशा मथळ्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी वाचायला मिळतात. तीव्र आम्लात राहणारे, तांबे-जस्त पचवणारे सूक्ष्मजीव सापडले, म्हणजे आता दूषित नद्या साफ होणार, असा त्यांचा सूर असतो. पण हे जीवाणू धातू खात नाहीत, विषारी पाणी शुद्धही करत नाहीत. बहुतेक ठिकाणी ते पाणी विषारी होण्याचे मोठे कारण तेच असतात. धातू सहन करणे वेगळे आणि धातू काढून टाकणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे आडाखे चुकतात.

या कुळातला सर्वांत अभ्यासलेला सदस्य म्हणजे ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल या अमेरिकी संशोधकांनी कोळसा खाणीतल्या आम्लधर्मी पाण्याचा संबंध जीवाणूंशी जोडला. १९५१ मध्ये टेंपल आणि कोल्मर यांनी त्याला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असे नाव दिले. २००० साली वर्गीकरण बदलले आणि आजचे लांबलचक नाव आले. जुन्या पुस्तकांत पहिले नाव दिसले तर जीवाणू तोच समजावा. (अलीकडे या एका नावाखाली दडलेल्या आणखी काही जाती वेगळ्या काढल्या आहेत, पण इथे तेवढ्या खोलात जायला नको.)

आम्ल येते कुठून

सुरुवात पायराइटपासून होते. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचे खनिज. ते सोन्यासारखे चमकते, म्हणून नवखे लोक फसतात. कोळशाच्या थरांत, तांब्याच्या आणि सोन्याच्या खाणींत ते सर्रास असते. जमिनीखाली हवा नसते तोवर ते लाखो वर्षे तसेच पडून राहते. खाणकामात खडक फुटला, ढिगारा उघड्यावर आला, पाऊस आणि हवा लागली की रासायनिक क्रिया सुरू होते. गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि लोखंड फेरस या विरघळणाऱ्या रूपात पाण्यात उतरते.

इथपर्यंत जीवाणूंची गरज नाही, पण वेगही फारसा नसतो. पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ४ च्या खाली गेला की हवेतला ऑक्सिजन फेरस लोखंडाचे फेरिकमध्ये, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात, रूपांतर अतिशय सावकाश करतो. जीवाणू नसतील तर निम्मे लोखंड बदलायला वर्षे लागतात. ॲसिडिथायोबॅसिलस हेच काम करून त्यातून ऊर्जा मिळवतो. सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये दाखवले की जीवाणूंमुळे हा वेग दहा लाख पटींपर्यंत वाढतो.

आता खरी गोम इथे आहे. तयार झालेले फेरिक लोखंड पायराइटवर ऑक्सिजनपेक्षाही जोरात हल्ला करते. पायराइटचा एक रेणू फोडायला फेरिकचे १४ अणू लागतात. त्या क्रियेतून फेरसचे १५ अणू आणि भरपूर आम्ल बाहेर पडते. फेरस पुन्हा जीवाणूकडे जाते, फेरिक होऊन परत येते. हे चक्र एकदा फिरू लागले की पायराइट, पाणी किंवा हवा यांपैकी काहीतरी संपेपर्यंत थांबत नाही. म्हणूनच शे-दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या खाणींतून आजही आम्ल झिरपते.

किती आम्ल तयार होईल याचा अंदाज बांधायला खाण अभियंते एक सोपा आकडा वापरतात. १ टन खडकात पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असेल, तर त्यातून होणारे सगळे आम्ल मारायला ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते. गंधक ३ टक्के असेल तर जवळपास ९४ किलो. खडकातच पुरेसा चुना असेल तर आम्ल जागच्या जागी मरते. नसेल तर ते ओढ्याला लागते. मात्र हा हिशेब केवळ एकूण क्षमतेचा आहे, वेगाचा नव्हे. कागदावर पुरेशी चुनखडी असूनही ढिगाऱ्यातून आम्ल वाहू शकते, कारण चुनखडीवर लोखंडाचा गंज चढला की ती निकामी होते.

स्पेनच्या ऊएल्वा प्रांतातली रिओ तिंतो नदी या साऱ्याचे जिवंत उदाहरण आहे. सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या या नदीचे पाणी मद्यासारखे लाल आणि सामू २.३ च्या आसपास. पावसाळ्यात पाणी वाढले तरी सामू फारसा हलत नाही, कारण विरघळलेले फेरिक लोखंडच तो तोलून धरते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत तर उणे ३.६ एवढा सामू मोजला गेला आहे. सामू शून्याखाली जाऊ शकतो हेच अनेकांना माहीत नसते. तिथे पायराइट वेगाने गंजून उष्णता निघते, पाण्याची वाफ होते आणि मागे उरलेले आम्ल घट्ट होत जाते. त्या उणे सामूच्या थेंबांत कोणी सुखाने राहत नाही. पण जवळच्या ओहोळांत, सामू ० ते १ असलेल्या पाण्यात, फेरोप्लाझ्मा नावाचे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) थर धरून राहतात, आणि त्यांना पेशीभित्तिकाही नसते.

हे जगतात कशावर

ग्लुकोजचा एक मोल पूर्ण जाळला तर सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा मिळते. फेरस लोखंडाच्या एका मोलमधून सामू २ ला मिळतात जेमतेम ३० किलोज्यूल. इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार चालवायचा तर लोखंड प्रचंड प्रमाणात हाताळावे लागते. एक ग्रॅम सुकी जीवाणू-पेशी तयार व्हायला साधारण २०० ग्रॅम लोखंडाचे फेरिक करावे लागते. जीवाणू मूठभर आणि गंज डोंगराएवढा, असे चित्र दिसते ते यामुळे. कार्बन मात्र ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. साखर, पेप्टोन, मटणाचा अर्क यांची त्यांना गरज नाही, उलट त्रासच होतो.

लोखंड पेशीच्या आत जातच नाही. बाहेरच्या पटलात बसलेले एक प्रथिन फेरसकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. तो पुढे रस्टिसायनिन नावाच्या निळ्या, तांबेयुक्त प्रथिनाकडे जातो आणि शेवटी आतल्या पटलावर ऑक्सिजनला मिळतो. तिथे त्याला पेशीतल्या आम्लाचा कण, म्हणजे प्रोटॉन, जोडला जाऊन पाणी बनते.

या प्रोटॉनचे गणित नीट पाहण्यासारखे आहे. बाहेर सामू २, पेशीच्या आत ६.५. म्हणजे बाहेर प्रोटॉनची दाटी आतल्यापेक्षा सुमारे ३० हजार पट. ते आत घुसायला टपलेले असतात, आणि घुसताना पेशीची ऊर्जानिर्मितीची यंत्रणा फिरवतात. वरवर पाहता ही फुकटची वीज. पण आत आलेला प्रत्येक प्रोटॉन संपवला नाही तर पेशी आतून आंबते. तो संपवायला लोखंडाकडून आलेला इलेक्ट्रॉन लागतो. म्हणून फेरस किंवा ऑक्सिजनचा पुरवठा तुटला की या जीवाणूंची नुसती उपासमार होत नाही, आतला सामूच ढासळू लागतो.

प्रोटॉनचा लोंढा रोखण्यासाठी त्यांनी आणखी एक तजवीज केलेली आहे. आपल्या किंवा साध्या जीवाणूंच्या पेशींत आतली बाजू ऋण प्रभाराची असते. आम्लप्रेमी जीवाणूंत ती धन असते. धन प्रभाराचे प्रोटॉन आत येऊ लागले की आतला धन प्रभार त्यांना मागे ढकलतो. धातू सहन करण्यात आणि कोणत्या विषाने मरायचे हे ठरण्यातही याच उलट्या प्रभाराचा हात आहे.

धातू कसे सोसतात, आणि कशाने मरतात

द्राक्षबागेत फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद घालतात. म्हणजे लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम तांबे, आणि तेवढ्याने केवड्यासारख्या (डाउनी) रोगांची कंबर मोडते. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्सचे सरावलेले वाण लिटरमागे ५० ग्रॅम तांब्यातही लोखंडाचे काम चालू ठेवू शकतात, म्हणजे बोर्डोच्या वीसपट, तेही चुना न घातलेल्या मोकळ्या तांब्यात. जस्त आणि निकेलच्या बाबतीतही त्यांची मजल अशीच मोठी आहे.

यामागे एकच युक्ती नाही. तांबे, जस्त हे धन प्रभाराचे आयन, त्यामुळे आतला धन प्रभार त्यांनाही अडवतो. भोवती सल्फेट भरपूर असल्याने धातूचा काही भाग सल्फेटशी जोडलेला राहतो, मोकळा कमी उरतो. त्यातूनही आत शिरलेले तांबे पटलावरचे पंप बाहेर फेकतात. शिवाय पेशीत पॉलिफॉस्फेटचे कण साठवलेले असतात. तांबे वाढले की हे कण तुटतात, सुटा झालेला फॉस्फेट तांब्याला धरून पेशीबाहेर नेतो.

या सगळ्यात तांबे नाहीसे कुठेच होत नाही, आतून बाहेर जाते एवढेच. आर्सेनिकचे तर आणखी विचित्र. हे जीवाणू आर्सेनेटचे आधी आर्सेनाइट करतात आणि मग ते बाहेर टाकतात. आर्सेनाइट अधिक विषारी! पाऱ्याशी झुंजणारे वाण त्याचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो वाफ होऊन हवेत जातो. जीवाणू वाचला, भोवतालचे विष गेले नाही. ‘धातू-सहनशील’ असा शब्द वाचून शुद्धीकरणाचे प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

इतके कणखर असूनही हे जीवाणू हास्यास्पद वाटावी अशा साध्या गोष्टींनी मरतात. पहिली म्हणजे क्लोराइड. पेशीची आतली बाजू धन असल्यामुळे ऋण प्रभाराचे क्लोराइड, नायट्रेट, थायोसायनेट आत ओढले जातात. त्यांच्या मागोमाग प्रोटॉनही घुसतात आणि आतला सामू कोसळतो. सल्फेटही ऋणच, पण ते पटलातून सहज पार होत नाही, म्हणून चालते. दुसरी म्हणजे सौम्य सेंद्रिय आम्ले. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल सामू २ ला प्रभाररहित असते, त्यामुळे पटलातून बिनदिक्कत आत जाते. आत सामू ६.५ मिळाला की ते फुटते आणि प्रोटॉन सोडते. म्हणजे सल्फ्युरिक आम्लात पोहणारा जीवाणू चमचाभर व्हिनेगरला हार जातो. चांदी, पारा आणि मॉलिब्डेनमही त्यांना थोड्या प्रमाणात बाधतात.

दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून जीवाणू वापरून सोन्याचे खनिज फोडतात. पायराइटच्या आत अडकलेले सोने सायनाइडला सापडत नाही, म्हणून आधी ढवळत्या टाक्यांत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास चार-सहा दिवस जीवाणूंकडून पायराइट विरघळवून घेतात, नंतर सायनाइडचा टप्पा. अशा कारखान्यात सर्वांत मोठी धास्ती असते ती सायनाइडच्या टप्प्यातले पाणी चुकून मागे, जीवाणूंच्या टाकीत येण्याची. त्यात थायोसायनेट असते, आणि अगदी थोड्याशा प्रमाणातही ते टाकीतले जीवाणू बंद पाडते. पाणी वाचवायचे म्हणून दोन टप्प्यांचे पाणी एकत्र फिरवणे हा शहाणपणा इथे महागात पडतो.

प्रयोगशाळेत वाढवायचे तर

सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी १९५९ मध्ये दिलेले ‘९-के’ हे माध्यम आजही चालते. लिटरमागे सुमारे ९,००० मिलिग्रॅम फेरस लोखंड, म्हणून ९-के. कृती अशी:

पहिला भाग: ७०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात अमोनियम सल्फेट ३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचे) ०.५ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.०१ ग्रॅम. सल्फ्युरिक आम्लाने सामू २ वर आणून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटे. क्लोराइड आणि नायट्रेट इथेही आहेत, पण इतक्या कमी प्रमाणात की बाधत नाहीत.

दुसरा भाग: ३०० मिलि पाण्यात १० नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल १ मिलि आणि मग फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, ४४.२२ ग्रॅम. हिराकस ताजा, हिरवट हवा. तपकिरी पडलेला वापरू नये. हा भाग ऑटोक्लेव्ह करायचा नाही, तापवल्यावर लोखंड गंजून गाळ बसतो. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्यावा. १० नॉर्मल आम्लासाठी संहत आम्ल सुमारे २८ मिलि, ते थंड पाण्यात हळूहळू सोडून एकूण १०० मिलि करावे. आम्लात पाणी ओतायचे नाही, पाण्यातच आम्ल सोडायचे.

दोन्ही भाग थंड झाल्यावर एकत्र करावेत. मूळ कृतीत सामू ३ च्या वर राहतो, पण आता बहुतेक जण तो १.८ ते २ वर आणतात, कारण त्याहून वर लोखंडाचा गाळ फार बसतो. २५० मिलिच्या चंबूत ९० मिलि माध्यम आणि १० मिलि खाणीचे पाणी किंवा आधीचे संवर्धन घालावे. तोंडाला कापसाचा बोळा, कारण ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेतूनच येतात. ३० अंश तापमान, मिनिटाला १५० फेऱ्यांचा हलवणारा मंच. शेजारी जीवाणू न घातलेला एक चंबू ठेवायलाच हवा, नाहीतर रंग हवेने बदलला की जीवाणूंनी हे सांगता येत नाही.

जोमदार संवर्धन असेल तर फिकट हिरवा रंग दोन ते चार दिवसांत विटकरी-लालसर होतो. थेट खाणीच्या पाण्यातून सुरुवात केली तर एक ते तीन आठवडेही लागतात. इथे नवशिके हमखास चकतात. दूध नासल्यासारखा गढूळपणा येईल म्हणून वाट पाहतात, तो येत नाही. एका मिलिलिटरमध्ये एक ते दहा कोटी पेशी एवढीच दाटी होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वाढ मोजायची ती उरलेल्या फेरसवरून, पोटॅशियम डायक्रोमेटच्या टायट्रेशनने किंवा फेनॅन्थ्रोलिनच्या नारिंगी रंगाने ५१० नॅनोमीटरवर.

पहिल्या दिवसांत सामू किंचित वर चढतो, कारण फेरसचे फेरिक होताना आम्ल खर्च होते. पुढे फेरिक पाण्याशी क्रिया करून गाळ बनवते आणि आम्ल परत सोडते, तेव्हा सामू उतरतो. या मधल्या काळात तो २.५ च्या वर गेला तर पिवळा जॅरोसाइट बसू लागतो. हा गाळ फॉस्फेट आणि अमोनियम ओढून नेतो, पेशीही त्याला चिकटतात, आणि पुढच्या चंबूत घ्यायला वरच्या पाण्यात फारसे काही उरत नाही. उपाय म्हणजे रोज सामू पाहून सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालणे. हायड्रोक्लोरिक आम्ल हाताशी आहे म्हणून ते घातले की संवर्धन मेलेच, कारण वर सांगितलेले क्लोराइड. तसेच साबणाने धुतलेला चंबू नीट खळबळला नसेल तर उरलेला साबणही पुरतो. काचसामान आम्लाने धुवून ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून घ्यावे.

पेट्री डिशमध्ये वसाहती आणणे ही खरी डोकेदुखी. आम्लात ‘अगर’ (माध्यम घट्ट करणारा, समुद्री शेवाळापासूनचा पदार्थ) तापवला की त्याचे विघटन होऊन साखरेसारखे पदार्थ सुटतात आणि तेच या जीवाणूंना मारतात. त्यासाठी अगरऐवजी अधिक शुद्ध अगरोझ वापरतात आणि आम्लधर्मी क्षार वेगळे तापवून नंतर मिसळतात. वेल्समधल्या डेव्हिड जॉन्सन यांनी यावर मोठी चलाख युक्ती काढली: खालच्या थरात ॲसिडिफिलियम हा दुसरा आम्लप्रेमी जीवाणू मिसळायचा. तो सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतो आणि वरच्या थरावर लोखंडवाल्यांच्या गंजरंगी वसाहती येतात. या ॲसिडिफिलियमची गंमत अशी की अनेक वर्षे जगभरच्या ‘शुद्ध’ थायोबॅसिलस संवर्धनांत तो लपून राहत होता. लोखंडवाल्यांच्या पेशींतून झिरपणारे सेंद्रिय पदार्थ खाऊन जगणारा हा पाहुणा १९८१ मध्ये वेगळा काढला गेला. त्याआधी छापलेल्या ‘थायोबॅसिलस साखरेवरही वाढतो’ अशा निष्कर्षांकडे साशंकतेनेच पाहावे.

तांब्याची सवय लावायची असेल तर घाई नको. लिटरमागे १ ग्रॅमवर संवर्धन दोन-तीनदा पूर्ण वेगाने वाढले की २, मग ५, मग १० ग्रॅम. एकदम १० वर नेले तर आठवडे काहीच होत नाही. आणि साधारण माध्यमात बरेच दिवस ठेवले की ही सवय पुष्कळदा सुटते.

ढिगाऱ्यातून तांबे

जगात या जीवाणूंचा सर्वांत मोठा उपयोग तांबे काढण्यासाठी होतो. अमेरिकेच्या केनेकॉट कंपनीने १९५८ मध्ये यावर पेटंट घेतले, चिलीतल्या लो अगिरे खाणीत १९८० पासून ढिगारा पद्धत सुरू झाली. खनिज दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत फोडतात, सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी शिंपून त्याचे गोळे करतात म्हणजे बारीक माती वाटा बुजवत नाही. प्लास्टिकच्या जाड अस्तरावर सहा ते दहा मीटर उंच ढीग रचतात. वरून ठिबक नळ्यांनी दर चौरस मीटरला ताशी पाच-दहा लिटर आम्लपाणी आणि खालून पंख्याने हवा. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. खाली जमणाऱ्या पाण्यातून तांबे विद्युतपद्धतीने शुद्ध करतात आणि पाणी परत वर.

चाल्कोसाइट हे तांब्याचे खनिज असेल तर साधारण वर्षभरात बहुतेक तांबे उतरते. चाल्कोपायराइट असेल तर मात्र कणांवर एक थर चढून क्रिया अडते आणि वर्षानुवर्षे तांबे निम्मेही निघत नाही. तिथे ६५ ते ८० अंशांत राहणारे आर्किया वापरले तर गाडी पुढे सरकते, पण एवढे तापमान ढिगात टिकवणे सोपे नाही.

महाराष्ट्राच्या सीमेला, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातली मलांजखंडची खाण नेमकी याच चाल्कोपायराइटची. हलक्या प्रतीच्या खनिजावर जीवाणूंचे प्रयोग झाले आहेत, पण अडचण वरचीच. कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खनिजावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने काम केले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही जीवाणू आणि धातूंवर बरेच संशोधन झाले आहे.

आपल्याकडे सर्वांत ठळक आम्लपाणी दिसते ते मेघालयात. जैंतिया टेकड्यांतल्या कोळशात गंधक जास्त, आणि ‘उंदीर-बिळ’ पद्धतीच्या हजारो खड्ड्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांचा सामू ३ च्या आसपास उतरलेला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, तरी आधीच खोदलेल्या खड्ड्यांतले पायराइट बंदी मानत नाही. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे १ टक्क्याच्या आत असल्याने तिथे हा प्रश्न तुलनेने मर्यादित.

आणि गोव्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. डिचोली-सांगेकडच्या खाणींतून पावसाळ्यात येणारे तांबडे पाणी पाहून ‘आम्लपाणी’ म्हटले जाते. गोव्याचे खनिज हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. त्यात गंधक नगण्य. तांबडा रंग हा मातीचा गाळ आहे आणि शेतांचे नुकसान त्या गाळाने होते. उलट अस्सल आम्लपाणी कित्येकदा आरशासारखे नितळ असते, फक्त तळाच्या दगडांवर पिवळट-नारिंगी पुटे चढलेली दिसतात. रंगावर जाऊ नये, दहा रुपयांची सामूपट्टी बुडवावी.

मग पाणी साफ कोण करते

एका मर्यादित अर्थाने आपले लोखंडवालेही मदत करतात. जपानच्या इवाते प्रांतात मात्सुओ ही गंधकाची प्रचंड खाण होती. ती बंद पडल्यावर तिचे आम्लपाणी कितागामी नदीला लागले. तिथल्या प्रक्रिया केंद्रात १९८२ पासून आधी लोखंडवाल्या जीवाणूंकडून सगळे फेरस फेरिक करून घेतात आणि मग चुनखडी घालतात. फेरिक सामू ४ च्या आतच गाळ होऊन बसते, तिथे स्वस्त चुनखडी पुरते. फेरस तसेच असते तर सामू ९ च्या आसपास न्यावा लागला असता आणि त्याला महागडा चुना लागला असता. पण पाण्यातले लोखंड काढण्यापुरतेच हे खरे. तांबे, जस्त, कॅडमियम जीवाणूंनी हलत नाहीत. जस्त आणि कॅडमियमसाठी पुढे चुना घालून सामू ९ च्या घरात न्यावाच लागतो.

धातू खरोखर पकडतात ते विरुद्ध स्वभावाचे जीवाणू: सल्फेट घेऊन हायड्रोजन सल्फाइड सोडणारे. त्यांना ऑक्सिजन नको, खायला सेंद्रिय पदार्थ हवा. त्यांच्या सल्फाइडशी तांबे, जस्त जोडले जाऊन न विरघळणारा गाळ बनतो. म्हणजे पायराइट फुटताना जे झाले त्याच्या नेमके उलट. नेदरलँड्समधल्या बुडेल जस्त कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजलावर हे चालवले आणि जमलेले जस्त सल्फाइड परत भट्टीत घातले. छोट्या प्रमाणावर शेणखत, पेंढा, लाकडाचा भुसा आणि चुनखडीचे तुकडे भरलेल्या बंद कुंडातून पाणी काही दिवस सावकाश सोडतात. पाण्यात ऑक्सिजन आणि फेरिक लोखंड जास्त असेल तर कुंड गंजाने तुंबते, सहज कुजणारा भाग संपला की जीवाणू उपाशी पडतात, आणि सडक्या अंड्याचा वास येत असलेल्या कुंडात कोणी वाकू नये, हायड्रोजन सल्फाइडने माणूस मरतो.

त्याहून स्वस्त म्हणजे चक्र सुरूच होऊ न देणे. पायराइटयुक्त गाळ पाण्याखाली ठेवला तर ऑक्सिजन पोचत नाही, कारण पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. उघड्या ढिगावर सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे शाम्पूत असते तेच, फवारले तर जीवाणूंचे बाहेरचे पटल फाटते. पाऊस ते धुवून नेतो, दर हंगामात पुन्हा फवारावे लागते.

खाणीपासून कोसो दूर असलेल्या शहरवासीयांशीही या कुळाची गाठ पडते, ती गटारात. मैलापाण्यातून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड काँक्रीट नळाच्या छतावरच्या ओलाव्यात मुरतो. आधी सौम्य सामूत राहणारे जीवाणू त्याचे आम्ल करतात, सामू ४ पर्यंत उतरला की ॲसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स ताबा घेतो आणि सामू १-२ वर नेतो. सिमेंटचे जिप्सम होते, बोटाने खरवडता येते. मेलबर्नच्या गटारांत पार्कर यांनी १९४५ मध्ये हा जीवाणू वेगळा केला. नळ नेहमी पाण्याच्या रेषेच्या वर खंगतो, खाली नाही. म्हणून मॅनहोलची तपासणी करताना पाण्याखालचा भाग शाबूत दिसला तरी छताला सामूपट्टी लावून पाहावी. ३ च्या खाली आला तर गॅसवर उतारा करायला हवा: पाणी साचू न देणे, वायुवीजन, किंवा छताला प्लास्टिकचे अस्तर. नुसते नवे सिमेंट लिंपले तर तेही काही वर्षांत तसेच भुसभुशीत होते.